आमच्यात तसलं कोणाला नाही

१२ जानेवारी

दर्शनाबाई, लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. ही वही तुम्ही एक डिसेंबरला दिलीत आणि रोज सकाळी मशीन लावून बीपीचा आकडा लिहायला सांगितलंत. आकडे मी रोज घेतले, पण ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेलो. नव्या कोऱ्या वहीत खाडाखोड झाली तर तुम्हाला काय वाटेल, म्हणून वही कपाटातच राहिली. आज बसून सगळे आकडे उतरवून काढले. पाचवीतून शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

एवढं त्यांच्यासाठी. पुढचं माझं मला. वही शंभर पानी आहे, आकड्यांना वीस पानं पुष्कळ झाली. मागची पानं वही परत द्यायच्या आधी काढून घेईन.

रात्रंदिवस डोक्यात काहीतरी चालू असतं, ते लिहिलं तर कमी होईल असं वाटतं. ही म्हणते, "तुम्हाला काळजी करायला काही नसलं तर त्याचीच काळजी लागते." गोदूबाईचं तोंड लग्नापासून असंच आहे.

डिसेंबरात दर्शनाबाई आमच्या वाडीत घरोघर फिरल्या. आरोग्याचा मोठा अभ्यास चालू आहे म्हणाल्या. कोणत्या घरात कोणता आजार पिढ्यान्पिढ्या आहे ते लिहून घेतात. मला विचारलं, घरात कोणाला साखर, बीपी, दमा, हृदयाचं काही? मी ताठ सांगितलं, आमच्यात तसलं कोणाला नाही. आमच्या घराण्यात अंथरुणाला खिळून कोणी मेलेला नाही. त्यांनी सगळीकडे "नाही" लिहिलं. बरं वाटलं. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं हेल्पर होतो, कधी कोणी माझ्या नावापुढे चांगला शेरा लिहिला नव्हता.

१६ जानेवारी

आज राखण दिली, म्हणजे जागा राखणाऱ्या देवचाराचा, जागेवाल्याचा, वर्षाचा मान. पौषात द्यायची ती आमच्याकडे दोन जागी असते. एक खालच्या बागेतल्या मोठ्या आंब्याखाली आणि एक खाडीच्या कडेला, जुन्या बंधाऱ्यापाशी. आंब्याखाली कोंबडा आणि नारळ, खाडीवर नुसता नारळ.

आंब्यावरून आमचा बाबा पडला. शिवा त्याचं नाव. मी नऊ वर्षांचा होतो, खाली टोपली धरून उभा होतो. खाडीत माझा धाकटा भाऊ हरिश्चंद्र गेला, एकोणीस वर्षांचा. पोहण्यात त्याचा हात धरणारा तिन्ही वाड्यांत कोणी नव्हता, आणि कमरेच्या वर थोडं पाणी असताना बुडाला. जागेवाल्याने ओढला, असं तेव्हा गावाने ठरवलं. तेव्हापासून राखण चुकवलेली नाही. मुंबईला गेलेले भाऊबंद विसरले, मी विसरलो नाही.

खाडीवरून परत आलो तर ज्ञानूचा फोन. आमची एकुलती एक मुलगी, ज्ञानेश्वरी, चिपळुणात दिलेली. तिची सानवी तेरा वर्षांची आहे. ती पोहण्यात जिल्ह्यात पहिली आली आणि आता पुढच्या महिन्यात पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार.

"बाबा, सानवीच्या स्पर्धेचा एक फॉर्म भरतेय. आपल्यात कोणाला हार्टचं काही होतं?"

"छे गो! आपल्यात तसलं कोणाला नाही. का?"

"काही नाही, शाळेत धावताना एकदा चक्कर येऊन पडली होती ना, म्हणून डॉक्टर विचारत होते. उपाशी होती त्या दिवशी. मी ‘नाही’ लिहिते."

"लिही. आत्ताच सरकारी अभ्यासात पण मी ‘नाही’च लिहून दिलंय."

मग ही फोन घेऊन सानवीशी बोलली. पोरगी आजोळच्या पाण्यावर गेली आहे, हरिश्चंद्रासारखी. मी मनातल्या मनात खाडीच्या जागेवाल्याला सांगितलं, आमचं पोर दुसऱ्या पाण्यात आहे, तिकडे लक्ष असू दे.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट. दर्शनाबाई आल्या. मी वही पुढे केली, पण त्यांनी आधी तोच फॉर्म काढला. तेच प्रश्न! पहिल्यापासून!

"बाई, हे तर झालंय."

"हो काका, पुन्हा एकदा विचारायचं आहे."

"का? माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. सगळ्यांनाच दोनदा विचारतो."

मागच्या वेळी काय सांगितलं ते आठवेना. बाबा गेला तेव्हा त्याचं वय काय, मी म्हटलं अडतीस. त्यांनी मागचा कागद बघितला नाही, पण मला आठवलं, मी मागे पन्नास सांगितलं होतं. आईला साखर होती का, मी म्हटलं होती बहुतेक. मागे नाही म्हटलं होतं. ही दारातून म्हणाली, "सासूबाईंच्या पायाची जखम वर्षभर भरली नव्हती, विसरलात काय?" ही मागच्या वेळी कुठे गेली होती?

वडील कशाने गेले, तर म्हटलं, आंब्यावरून पडून. मागच्या वेळी तेही सांगितलं नव्हतं. त्यांनी आजार विचारला होता. पडणं हा काय आजार आहे?

जाताना त्या म्हणाल्या, "काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्ही तुम्हाला तपासत नाही, आमच्या फॉर्मला तपासतोय. एकाच माणसाला दोनदा विचारलं तर किती फरक पडतो, आणि बहिणीला वेगळं विचारलं तर किती पडतो, तेच बघायचं आहे. मालगुंडच्या आजींनाही आम्ही भेटलोय."

"आक्काला? आक्का काय म्हणाली?"

"ते नाही सांगता येत."

चहा न घेता गेल्या. रागावल्या असतील काय?

४ फेब्रुवारी

आकडा १६४. दर्शनाबाई बघतील म्हणून दोनदा घेतला, दुसऱ्यांदा १६८.

७ फेब्रुवारी

आक्काकडे मालगुंडला जाऊन आलो. सकाळच्या एसटीने रत्नागिरी, तिथून दुसरी गाडी. हिला सांगितलं आक्काची तब्येत बघून येतो. खरं कारण हे की दोघांचं सांगणं एक व्हायला पाहिजे. वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यापुढे भावंडांची नावं मागेपुढे झाली तर केवढा घोळ झाला होता, ते मी पाहिलेलं आहे.

सगुणाआक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ओसरीवर गेल्या सालची कोकमाची सोलं उन्हाला टाकून राखत बसली होती. मला बघून म्हणाली, "कोण मेलं?"

"कोणी नाही. तुलाच बघायला आलो."

"मग तुझंच काहीतरी बिघडलंय. शिमग्याशिवाय तू येत नाहीस. बस. तोंड धू."

मी सांगितलं सगळं. म्हटलं, आक्का, आपण ठरवून घेऊ. बाबाचं वय अडतीस. आईला साखर होती. आजार कोणाला नाही.

"मी तर त्या पोरीला सांगितलं, तिघं गेली."

"तिघं कुठली? आणि ते आजार होते काय? बाबा पडला, हरी बुडाला."

"आणि चिमा?"

चिमा आक्काची थोरली. गौरी-गणपतीत ह्याच अंगणात फुगडी घालता घालता बसली आणि उठली नाही. सोळा वर्षांची होती. फेर चालू होता, बायका गात होत्या, कोणाला वाटलं मुद्दाम बसली. मग म्हणाले गौरीने नेली. भाग्याचं मरण म्हणाले. आक्का त्या कोपऱ्यात दर वर्षी गौरीच्या दिवशी नारळ ठेवते, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या माणसांत चिमाला मी धरली नव्हती.

"तू नाय धरणार," आक्का म्हणाली. "तिचं आडनाव दुसरं ना! मी दिलेली, ती दिलेलीची. तुझ्या घराण्यात माणसं म्हणजे पुरुष, आणि तेसुद्धा बिछान्यात मेले तरच."

"तसं नाही गो आक्का."

"तसंच. आपल्या बाबाला पडताना तू बघितलास. कधी कोणाला बोललास? मी चिमाला धरलेली होती. दोन्ही हात माझ्या हातात होते तिचे." आणि एका दमात, "जेवून जा, सोलकढी हाय."

जेवलो. परतीच्या गाडीत मला दोन गोष्टी कळत नव्हत्या. एक म्हणजे आक्काने अनोळखी पोरीला सांगितलं ते मला चाळीस वर्षं का सांगितलं नाही. दुसरी, मी विचारलं का नाही.

१० फेब्रुवारी

दर्शनाबाईंचा फोन. त्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला उद्या रत्नागिरीला बोलावलं आहे. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची आहे. मी म्हटलं, बाई, उत्तरं चुकली म्हणून काय? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकींना घेऊन या."

११ फेब्रुवारी

कसं लिहू. एवढी मोठी गोष्ट एका वितीच्या कागदावर मावते हे मी आज पाहिलं.

डॉक्टरीणबाई लहानच आहेत, आमच्या ज्ञानूपेक्षा लहान. छातीला, हाताला, पायाला तारा लावल्या, कागद सरकत बाहेर आला. त्यावर रेघ. उभी चढते, पडते, मग एक टेकाड, मग सपाट. पुन्हा तसंच. त्या मोजपट्टीने मोजत बसल्या. मग विचारलं, "आजोबा, तुम्हाला कधी शुद्ध हरपली होती?"

"कधी नाही."

ही म्हणाली, "एसटीच्या मागे धावताना दोनदा पडलात ते? आणि शेजारच्या विनीतच्या लग्नाच्या वरातीत?"

"ते पित्त होतं."

"तोंड पांढरं पडलं होतं आणि धोतर ओलं झालं होतं. पित्ताने होतं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी मात्र ते शांतपणे लिहून घेतलं आणि हिला म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत."

त्यांनी मला रेघ समजावून दिली. ठोका पडला की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी नव्याने तयार व्हावं लागतं. ती तयारी म्हणजे ते टेकाड. तुमच्यात ती संपायला थोडा जास्त वेळ लागतो, जन्मापासून. एरवी कळतही नाही. पण धावणं, चढणं, पोहणं, अशा वेळी ठोके भराभर यायला लागले की कधी तरी घोळ होतो, आणि मग हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त फेकत नाही. माणूस जागच्या जागी कोसळतो.

टायमिंग. वर्कशॉपात मी तीस वर्षं हेच ऐकलं. बाहेरून इंजिन धडधाकट, पण स्पार्क जरा मागेपुढे, आणि घाटात गाडी बंद.

मग त्यांनी एक विचारलं. "तुमचे वडील पडताना ओरडले होते का?"

कोणी विचारलं नव्हतं मला. त्रेसष्ट वर्षांत कोणी नाही. पोलीस पाटलाने नाही, आईने नाही. मी डोळे मिटले आणि मला तो सबंध दिसला. बाबा वरच्या फांदीवर चढला, झेल्याची लांब काठी वर केली, एक आंबा तोडला. मग काठी पडली. काठी आधी पडली. ती माझ्या पायाशी आपटली, मी वर बघितलं, बाबा अजून वरच होता, फांदीला टेकलेला, मान खाली. मग तो आला. आवाज न करता. पडणारा माणूस काहीतरी धरायला बघतो. त्याने काही धरलं नाही.

मी सांगितलं तेही त्यांनी लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं खात्रीने सांगता येत नाही. पण तुम्ही सांगताय तसं असेल, तर ते पडून गेले नसतील. आधी गेले असतील, मग पडले."

आधी गेला आणि मग पडला. हरी बुडाला म्हणून मेला नाही. चिमाला गौरीने नेली नाही. आम्ही झाडाला भ्यालो, खाडीला भ्यालो, त्या जागांना कोंबडे दिले, आणि ती गोष्ट त्या जागी नव्हतीच. राखण देऊन आम्ही घरी यायचो तेव्हा ती आमच्या छातीत बसून आमच्याबरोबर घरी यायची, आमच्या ताटात जेवायची. कोणाला कळलं नाही. तिला नाव होतं, शहाण्या माणसांनी कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं. आणि ती बाहेर आली कशी, तर एका पोरीने एकच प्रश्न दोनदा विचारला म्हणून. मला हात जोडावेसे वाटत होते, पण कोणाला जोडू ते कळेना. त्या कागदालाच जोडले. दर्शनाबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी बघितलं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एकच मुलगी. पण ती लग्न होऊन गेली, चिपळूणला."

"लग्नाने हृदय बदलत नाही आजोबा. तिला मुलं?"

"एक मुलगी." आणि मला चिमाची आठवण झाली, आणि आक्काचं बोलणं. "पोहते."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ

खरं लिहितो, कारण इथे नाही तर कुठे लिहिणार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आत्ता फोन लावा. मी म्हटलं, घरी जाऊन लावतो, इथे ऐकू येत नाही. आणि निवळी येईपर्यंत मी नाही लावला. गाडीत मनात काय काय आलं! एवढ्या मुली पोहतात. चिपळूणची माणसं काय म्हणतील, आजोळच्या हाडातच खोट. उद्या पोरीचं लग्न कसं जमेल. पट्टीत एखादी चूकही असेल. आणि सगळ्यात मोठं, ज्ञानू म्हणेल, तुम्हीच सांगितलंत.

ही शेजारी बसून सगळं ओळखत होती. निवळीला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "तुम्ही लावता की मी लावू?" आकडे मला लावता येतात, हिला नाही. तिने मोबाईल माझ्या हातात कोंबला. मी लावला तर लागेना. पुण्याला पोचल्या होत्या मायलेकी. स्पर्धा परवा, पण सराव उद्या सकाळी सहाला.

घरी आल्यावर लागला.

"ज्ञानू, पोरीला पाण्यात उतरू देऊ नको."

"काय झालं बाबा? स्वप्न पडलं काय?"

मी सांगितलं. मधे मधे चुकलो, पुन्हा सांगितलं. बाबा, हरी, चिमा, मी. मग ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, आपल्यात कोणाला नाही! मी सही केलीय त्यावर! तुम्ही, तुम्ही स्वतः पडला होतात वरातीत, मी दहा वर्षांची होते, मी बघितलंय! मला पण पित्तच वाटलं!"

मी म्हटलं, "माझं चुकलं गो."

तिने फोन सानवीला दिला की पोरीने ओढून घेतला, माहीत नाही. पोर रडत होती. "आबा, असं काय करता, एक वर्ष प्रॅक्टिस केलीय मी!" मी तिला आंब्याची गोष्ट सांगितली. काठी आधी पडली, ते सांगितलं. तिला सांगायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं.

ती रडायची थांबली. हळूच म्हणाली, "आबा, आईला सांगू नका. डिसेंबरात एकदा पाण्यात सगळे आवाज बंद झाले होते. दिसायचंच बंद झालं. मग काठाशी होते. सरांनी विचारलं, मी म्हटलं नाकात पाणी गेलं."

"का नाही सांगितलंस?"

"नाव काढलं असतं ना."

मी तिला म्हटलं, बाळा, आईला फोन दे. आणि मी सांगितलं. पोरीचा माझ्यावरचा विश्वास गेला असेल. जाऊ दे.

१३ फेब्रुवारी

काल सकाळी सानवी पाण्यात उतरली नाही. काठावर बसून बाकीच्यांचा सराव बघत होती, एवढंच ज्ञानूने कळवलं. आज पुण्याच्या डॉक्टरांकडे पट्टी आहे, आणि ज्ञानूचीही. आमच्या डॉक्टरीणबाई तिकडे बोलल्या आहेत. म्हणाल्या, यावर गोळ्या आहेत, रोजच्या. गोळी घेऊन, सांभाळून माणसं म्हातारी होतात. मला कालपासून चालू केली. त्र्याहत्तराव्या वर्षी मी कसा जिवंत आहे, हे त्यांना सांगता येत नाही. मलाही नाही. बाबा, हरी, चिमा गेली आणि त्यांच्यातला मी तेवढा उरलो, कदाचित हे सांगायलाच, असं आज सकाळपासून वाटतं. खोटंही असेल.

दुपारी बागेत गेलो. आंब्याला मोहोर दाट आला आहे, माश्यांचा गुंजारव होता. ह्या झाडाखाली मी आयुष्यात कधी टेकलो नाही, नारळ ठेवून मागे न बघता परतायचो. आज बुंध्याला पाठ लावून बसलो. ह्याने काही केलं नव्हतं. वर गेलेल्या माणसाला त्याने, काठी पडल्यावरही, थोडा वेळ धरून ठेवलं होतं.

दर्शनाबाई आल्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरांना घराण्याची खरी माहिती हवी आहे, म्हणून मी एका कागदावर लिहून दिलं, त्यांनी मोबाईलवर फोटो काढून ज्ञानूला पाठवला. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो.

"चि. ज्ञानू, डॉक्टरांना हे दाखव. माझे वडील शिवा, वय अडतीस, आंब्यावर चढलेले असताना एकाएकी गेले, मग पडले. मी समोर होतो. भाऊ हरिश्चंद्र, वय एकोणीस, पोहताना, पाणी खोल नव्हतं. भाची चिमा, वय सोळा, फुगडी घालताना, सगुणाआक्काच्या हातात. मी महिपत, धावताना दोनदा आणि नाचताना एकदा शुद्ध गेली, तिन्ही वेळा पित्त म्हणून सांगितलं. सानवीला पाण्यात एकदा झालं आहे. आधी मी ‘नाही’ लिहून दिलं होतं ते चूक. माझी आई साखरेने गेली असावी, तिचंही लिहा. अजून काही आठवलं तर सांगेन, आक्काला विचारून सांगेन, सगळ्या दिलेल्या मुलींना विचारून सांगेन.

पट्टी किती वाजता आहे ते तू सांगितलं नाहीस. आता साडेचार झाले. रागावली असलीस तर रागाव, पण कळव. रेघ वाईट आली तरी कळव, चांगली आली तरी कळव, अजून नंबर लागला नसेल तर तेवढंच कळव. तुझी आई सारखी दारात जाऊन येते, तिथे फोन नाही तरी. पोरीने काही खाल्लं का? एक ओळ टाक, लगेच टाक."